हात कसा शिकतो?

साक्षरता वर्गात एक वाक्य आम्हाला नेहमी ऐकू येते. "गुरुजी, डोक्यात शिरतं, पण हात वळत नाही." कोणी म्हणतो, "उभा जन्म कोयता धरला, आता या वयात पेन्सिल कशी धरू?" एखादी बाई पाटीवरचे वाकडे अक्षर पदराने पुसून टाकते आणि दुसऱ्या दिवसापासून वर्गाला येत नाही.

अशा माणसांना शिकण्याचा कंटाळा आलेला नसतो. त्यांना लाज वाटलेली असते. अक्षर वाकडे आले, तेव्हा हे आपले काम नव्हे, असे त्यांनी मनाशी ठरवलेले असते.

म्हणून हा पाठ हाताविषयी आहे. हात चुकतो का, आणि चुकता चुकता शिकतो कसा, ते आम्ही यात सांगणार आहोत.

तुम्ही आधीच किती शिकला आहात!

अंबाडीच्या आसपास पावसाळ्यात फिरून पाहा. चिखलणी झालेली असते. बाया ओळीने वाकून भाताची लावणी करीत असतात. डाव्या हातात रोपांची मूठ. उजवा हात दोन-तीन रोपे काढतो, चिखलात खोवतो, मागे सरकतो. एका चुडात किती रोपे, दोन चुडांत किती अंतर, हे मोजायला कोणी थांबत नाही. तोंडाने गप्पा चाललेल्या असतात आणि हात आपले काम करीत असतो.

आता याच बाईचा लहानपणचा पहिला दिवस आठवा. रोप खोल खोवले नाही, म्हणून ते पाण्यावर तरंगले. ओळ वाकडी गेली. आई ओरडली. कंबर मोडून आली. दुसऱ्या दिवशी थोडे बरे जमले. पुढच्या सालापासून हात आपोआप चालू लागला.

भिवंडीच्या यंत्रमागावर जा. ताण्याचा धागा तुटला, की कारागीर माग थांबवतो आणि बोटांच्या दोन हालचालींत गाठ मारतो. त्याला विचारा, "गाठ कशी मारलीस?" तो म्हणेल, "अशी." पुन्हा विचारा. तो पुन्हा मारून दाखवील. पण शब्दांत सांगता येणार नाही.

सायकल चालवणे, डोक्यावर हंडा आणि त्यावर कळशी घेऊन बांधावरून चालणे, ही कामेही अशीच आहेत. हाताला येते, पण तोंडाला सांगता येत नाही. मग हे ज्ञान राहते कुठे? आपण म्हणतो, "हातात बसलं." पण खरे म्हणजे ते डोक्यात बसलेले असते. फार करून डोक्याच्या मागच्या बाजूला.

लहान मेंदू

आपला हात मानेवर ठेवा. हळूहळू वर सरकवा. जिथे मान संपते आणि कवटीचे हाड सुरू होते, त्याच्या आतल्या बाजूला लहान मेंदू असतो. पुस्तकात त्याला अनुमस्तिष्क म्हणतात. आपण लहान मेंदूच म्हणू.

मोठ्या माणसाचा सगळा मेंदू सुमारे तेराशे-चौदाशे ग्रॅम भरतो. त्यात लहान मेंदूचा वाटा दहावा भाग. म्हणजे दीडशे ग्रॅमच्या आतबाहेर. पण आकारावर जाऊ नका.

आपले शरीर पेशींचे बनलेले आहे. घर जसे विटांचे, तसे शरीर पेशींचे. मेंदूतल्या पेशी एकमेकींशी विजेच्या अगदी बारीक ठिणग्यांनी बोलतात. २००९ साली ब्राझील देशातल्या शास्त्रज्ञांनी माणसाच्या मेंदूतल्या अशा पेशींची मोजदाद केली. एकूण सुमारे ८,६०० कोटी भरल्या. त्यांपैकी जवळजवळ ६,९०० कोटी एकट्या लहान मेंदूत होत्या. दर पाचांतल्या चार!

तो बिघडला तर?

एखाद्या गोष्टीचे काम काय, हे ती बिघडली म्हणजे चांगले कळते.

१९१४ ते १९१८ या काळात पहिले महायुद्ध झाले. गॉर्डन होम्स नावाचे ब्रिटिश डॉक्टर जखमी सैनिकांवर उपचार करीत होते. काही सैनिकांच्या डोक्याला मागच्या बाजूने गोळी किंवा तोफगोळ्याचा तुकडा लागला होता. त्यांच्या हाताला अजिबात हालचाल नव्हती, असे नव्हे. हात उचलता येत होता. पण समोरचा पेला घ्यायला गेले, की हात पेल्याच्या पुढे जाई, किंवा अलीकडेच थांबे. चालताना झोकांड्या जात. उजव्या बाजूला जखम असेल, तर उजवाच हात चुके. अशा एका रोग्याने डॉक्टरांना सांगितले, की डावा हात आपोआप चालतो, पण उजव्या हाताची प्रत्येक हालचाल आधी विचार करून करावी लागते.

लावणी करणाऱ्या बाईला प्रत्येक रोपाला असा विचार करावा लागला, तर दिवसाकाठी किती लावणी होईल? यावरून लहान मेंदूचे काम ध्यानात येते. हुकूम मोठा मेंदू देतो, बळ स्नायू देतात. पण किती, कुठे आणि केव्हा, याचा नेम लहान मेंदू साधून देतो.

चुकीची खबर

समजा, तुम्हाला पाटीवर 'ग' काढायचा आहे. मोठा मेंदू हाताला हुकूम सोडतो. त्याच वेळी त्या हुकुमाची एक नक्कल लहान मेंदूकडे जाते. हात हलतो. मग डोळे सांगतात, रेघ कुठे गेली. स्नायू आणि सांधेही सांगतात, हात कुठे आहे. सांधे कसे सांगतात? डोळे मिटा आणि नाकाच्या शेंड्याला बोट लावा. बरोबर लागले ना? हात कुठे आहे, ते न बघताही तुम्हाला कळते, ते या बातम्यांमुळे.

मोजणीदार जमिनीचा नकाशा आणि प्रत्यक्षातला बांध ताडून पाहतो. लहान मेंदूतही तसेच होते. काय व्हायला हवे होते आणि काय झाले, हे ताडले जाते. दोन्ही जुळले, तर ठीक. फरक पडला, तर त्या फरकाची खबर जाते. हिला आपण चुकीची खबर म्हणू.

हाताचा खरा गुरुजी हीच खबर आहे.

पिंपळाचे पान आणि मागाची फणी

ही खबर आल्यावर आत काय होते? त्यासाठी लहान मेंदूतल्या एका खास पेशीची ओळख करून घेऊ. १८३७ साली यान पुर्किन्ये या चेक शास्त्रज्ञाने तिचे वर्णन केले. म्हणून तिला पुर्किन्ये पेशी म्हणतात.

पिंपळाचे पान पाण्यात कुजवले, की त्याची नुसती जाळी उरते. पुर्किन्ये पेशी अशीच दिसते. चपटी, आणि बारीक बारीक फांद्यांची. अशी पाने एकापुढे एक उभी केलेली असतात. मागाच्या फणीतून जसे ताण्याचे धागे जातात, तसे बारीक धागे या पानांतून आडवे जातात. एकेका पेशीला लाखाहून जास्त धागे येऊन भिडतात. प्रत्येक धागा काही ना काही बातमी आणतो. हात कुठे आहे, पेन्सिल किती घट्ट धरली आहे, मोठ्या मेंदूने काय हुकूम सोडला आहे.

याशिवाय एक निराळा तंतू मेंदूच्या देठातून येतो आणि वेलासारखा त्या पेशीवर चढतो. धागे लाखावर, पण वेल एकच. चुकीची खबर येते ती या वेलावाटे.

आता गंमत पाहा. हात चुकला, की वेल हिसका देतो. त्या वेळी जे धागे बोलत होते, त्यांच्या पेशीशी असलेल्या गाठी जरा सैल होतात. पुर्किन्ये पेशीचे काम कासरा धरण्याचे आहे. ती पुढच्या हुकुमांना आवरून धरते. काही गाठी सैल झाल्या, की त्या ठरावीक क्षणी कासराही सैल पडतो. मग पुढच्या खेपेला जाणारा हुकूम पहिल्यासारखा राहत नाही. थोडा बदलतो. पुन्हा चूक झाली, पुन्हा हिसका, पुन्हा थोडा बदल. असे शेकडो वेळा होते आणि हात वळणावर येतो.

चुकीतून धाग्यांच्या गाठी बदलत असतील, असा विचार इंग्लंडच्या डेव्हिड मार यांनी १९६९ साली मांडला. अमेरिकेच्या जेम्स आल्बस यांनी १९७१ साली सांगितले, की गाठी सैल होत असाव्यात. आणि १९८२ साली जपानच्या मासाओ इतो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी प्राण्यांवर प्रयोग करून तसे खरोखर होते, हे दाखवले. पुढे असेही दिसले, की काही गाठी सैल होतात, तशा काही घट्टही होतात. दोन्हींमिळून शिकणे होते.

नाक्यावरून परत फिरणारे रस्ते

लहान मेंदूच्या आत, खोलवर, पेशींचे काही पुंजके असतात. बाहेर जाणारे जवळजवळ सगळे हुकूम तिथून जातात. अंबाडी नाक्यावर जशा भिवंडीच्या, वाड्याच्या आणि वज्रेश्वरीच्या गाड्या येऊन मिळतात, तसा हा मेंदूतला नाका समजा.

या नाक्यावरून हमरस्ता मोठ्या मेंदूकडे आणि पुढे हातापायांकडे जातो. पण दोन लहान रस्ते मागेही फिरतात. हे मागे फिरणारे रस्तेच फार कामाचे आहेत.

पहिला रस्ता जातो त्या वेलाच्या मुळापाशी. तो निरोप देतो, "आता जमलं, पुरे." मग वेलाचे हिसके कमी होतात. हा रस्ता नसता, तर काय झाले असते? भाजीत मीठ बेताचे झाल्यावरही कोणी टाकतच राहिले, तर भाजी खारट होते. तसेच हाताचे झाले असते. शिकलेले पुन्हा बिघडले असते.

दुसरा रस्ता परत फिरतो तो पानांच्या थराकडे. "असा असा हुकूम गेला," असे तो सांगतो. २०१६ साली नेदरलँड्स देशातल्या रॉटरडॅम शहरी शास्त्रज्ञांनी उंदरांवर प्रयोग केले. आधी दिवा लावायचा आणि लगेच उंदराच्या डोळ्यावर हवेची हलकी फुंकर मारायची. असे काही दिवस केल्यावर दिवा लागताच, फुंकर येण्याच्या आधीच, उंदीर डोळा मिटायला शिकले. हे शिकत असताना तो परत फिरणारा रस्ता वाढला आणि त्यामुळे शिकलेल्या हालचालीला जोर आला, असे दिसून आले.

म्हणजे सगळे रहाटगाडग्यासारखे आहे. हुकूम जातो, खबर येते, हुकूम सुधारतो, पुन्हा खबर येते. फेरी जितकी जास्त, तितके काम पक्के.

आपल्या देशातही हा अभ्यास चालतो. बंगळूरच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रात त्यासाठी झेब्रा मासा वापरतात. अंगावर पट्टे असलेला, बोटाच्या पेराएवढा हा मासा मूळचा आपल्याच बाजूचा. ओढ्यांत आणि भातखाचरांच्या पाण्यात तो सापडतो. त्याची पिले काचेसारखी पारदर्शक असतात. त्यामुळे जिवंत पिलाच्या मेंदूत काय चालले आहे, ते सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहता येते.

लहान मेंदू आधीच ओळखतो

पायाची खबर डोक्यापर्यंत पोचायला थोडा वेळ लागतो. वेळ थोडाच, पण धावताना तेवढ्यात माणूस पडेल. म्हणून शिकलेला लहान मेंदू खबर येण्याची वाट पाहत बसत नाही. पुढे काय होणार, हे तो आधीच ताडतो.

कळशी भरलेली आहे, असे समजून तुम्ही रिकामी कळशी कधी उचलली आहे का? हात झटकन वर जातो. कारण वजन किती असेल, हे आधीच ठरवून तेवढा जोर लावलेला असतो.

दुसरे करून पाहा. स्वतःच्या तळव्याला स्वतःच गुदगुल्या करा. होत नाहीत! दुसऱ्याने केल्या की मात्र होतात. आपले बोट कुठे लागणार, हे लहान मेंदूने आधीच ओळखलेले असते.

नदीत काठीने मासा मारणाऱ्याला हे चांगले ठाऊक असते. पाण्यात मासा दिसतो एकीकडे आणि असतो जरा खाली. नवखा माणूस दिसतो तिथे मारतो आणि चुकतो. दहा-वीस वेळा चुकल्यावर हात आपोआप खाली मारू लागतो. घरी बादलीत नाणे टाकून, काडीने नेम धरून हे करता येईल.

अमेरिकेतल्या शास्त्रज्ञांनी याच जातीचा प्रयोग केला. त्यांनी माणसांना असा चष्मा दिला, की समोरची वस्तू बाजूला सरकलेली दिसे. मग चिखलाचे गोळे नेम धरून मारायला सांगितले. पहिले गोळे बाजूला गेले. पंधरा-वीस गोळ्यांनंतर नेम बसू लागला. चष्मा काढला, तर आता गोळे उलट बाजूला जाऊ लागले! हाताने नवी सवय धरली होती. पण ज्यांचा लहान मेंदू आजाराने बिघडलेला होता, त्यांच्यापैकी बहुतेकांचा नेम कितीही मारले तरी सुधारला नाही. चूक डोळ्यांना दिसत होती. पण चुकीतून शिकणारे यंत्र बंद पडले होते.

वय झाले तर?

वय वाढले, की हात सावकाश शिकतो, हे खरे आहे. पण शिकायचे थांबत नाही.

आपल्या ठाणे जिल्ह्यातच मुरबाड तालुक्यात फांगणे नावाचे गाव आहे. तिथे ८ मार्च २०१६ रोजी आजीबाईंची शाळा सुरू झाली. साठीच्या पुढच्या बाया गुलाबी लुगडी नेसून, पाटी-दप्तर घेऊन शाळेत जाऊ लागल्या. ज्या हातांनी जन्मभर भात लावला आणि कागदावर फक्त अंगठा उठवला, ते हात अक्षरे गिरवू लागले. त्यांतल्या कित्येकींना आपली सही करता येऊ लागली. त्यांचे पहिले अक्षर काही सरळ आले नसेल!

सहीला किंमत आहे. बँकेत, सोसायटीत, जमिनीच्या कागदावर आपण काय लिहून देतो, ते वाचून सही करणाऱ्याला फसवणे अवघड जाते. म्हणून हात वळत नाही एवढ्यावरून वर्ग सोडणे परवडणारे नाही.

पाटीवर याचा उपयोग

एक. वाकडे अक्षर लगेच पुसू नका. शेजारच्या कित्त्याशी ताडून पाहा. कुठे फरक पडला? पोट मोठे झाले? काना तिरपा गेला? नीट पाहिल्याशिवाय चुकीची खबर पुरी जात नाही.

दोन. रोज थोडे लिहा. आठवड्यातून एकदा तीन तास बसण्यापेक्षा रोज अर्धा तास बरा. रात्रीच्या झोपेतही शिकलेले पक्के होत असते.

तीन. दुसऱ्याने हात धरून गिरवून घेणे पहिल्या दिवशी ठीक आहे. पुढे मात्र आपला हात आपणच चालवा. दुसऱ्याने हात धरला, की चूक होत नाही, आणि चूक झाली नाही, तर शिकणेही थोडेच होते.

चार. सुरुवातीला सावकाश आणि मोठे अक्षर काढा. वेग मागाहून येतो. लावणीला तो असाच आला होता.

पाच. शेजाऱ्याच्या अक्षराला हसू नका. आणि घरात मूल पहिल्यांदा चुलीवर भाकरी थापायला बसले, की त्याच्यावरही ओरडू नका. चूक कुठे झाली, तेवढे दाखवा. पुढचे काम त्याचा लहान मेंदू करील.

या मेंदूला जपा

दारू प्यालेला माणूस झोकांड्या का खातो? दारूचा अंमल लहान मेंदूवर चढतो, हे त्याचे मोठे कारण. एक-दोन वेळची झिंग उतरते. पण वर्षानुवर्षे भरमसाट पिणाऱ्याच्या पुर्किन्ये पेशी मरतात. मग तो न पिताही पाय फाकून, डुलत चालतो. गेलेल्या त्या पेशी पुन्हा येत नाहीत.

मोटारसायकलवर, मागे बसलात तरी, हेल्मेट घाला. मागे आपटले, तर मार लहान मेंदूलाही बसतो.

आणखी एक गोष्ट घरातल्या सगळ्यांना सांगून ठेवा. धडधाकट माणसाला एकाएकी जोराची चक्कर आली, उभे राहता येईना, तोल जाऊ लागला, बोलणे अडखळू लागले, तर ती बाहेरची बाधा समजू नका. मेंदूची रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली असण्याचा संभव असतो. अंगारे-धुपाऱ्यात वेळ घालवू नका. १०८ नंबरला फोन करून गाडी बोलवा आणि रोग्याला ताबडतोब मोठ्या दवाखान्यात न्या. अशा वेळी एकेक मिनिट मोलाचे असते.

आता पाटी घ्या आणि आपले नाव लिहा. ते वाकडे आले, तर कुठे वाकडे आले, ते नीट पाहा. त्याच्याच खाली पुन्हा लिहा. अशा दहा ओळी झाल्या, की पहिली ओळ आणि दहावी ओळ शेजारी ठेवून ताडून पाहा.